मामाजींचा कंबरपट्टा

लोकांच्या कमरा आवळून मी माझं पोट भरतो. अमरावतीत माझं दुकान आहे. डॉक्टरांची चिठ्ठी आणली की कमरेला, मानेला, गुडघ्याला मापाचे पट्टे बसवून देतो. माझं माप कधी चुकत नाही. चुकलं ते एकदाच, सासऱ्यांच्या कमरेपाशी.

सासरे, म्हणजे मामाजी, बार्शीटाकळीचे. (त्यांच्या गोठ्यातली गायसुद्धा दबकत हंबरते.) धाकट्या मेव्हणीच्या साक्षगंधाच्या, म्हणजे साखरपुड्याच्या, तोंडावर त्यांनी तुरीचं पोतं एकट्याने उचललं आणि कंबर धरली. मला तातडीने बोलावणं आलं. दार लावून म्हणाले, "पट्टा बांधा, जवाईबापू. पन व्याह्याले समजलं नाही पायजे. मानूस खचला म्हनतीन."

माप घेताना पोट सैल सोडावं लागतं. मामाजींनी ते पार पाठीला टेकेपर्यंत आत ओढून धरलं. ‘पोट सोडा’ एवढंच म्हणायचं होतं, पण मामाजींना हुकूम सोडायची माझी छाती झाली नाही. शेवटी त्या ओढलेल्या पोटाच्याच मापाचा पट्टा आणला. (बायको म्हणते, लग्नाआधीच एवढे घाबरला असता तर दोघंही सुटलो असतो.)

साक्षगंधाच्या पंगतीत मामाजी सदऱ्याखाली पट्टा आवळून व्याह्यांशेजारी ताठ बसले. मामाजींच्या दुसऱ्या बाजूला मी. वांग्याची भाजी, पुऱ्या, बासुंदी; व्याही आग्रह करत होते आणि मामाजी मागे हटणाऱ्यांतले नव्हते. त्यांच्या प्रत्येक घासाला मी त्यांच्या सदऱ्याकडे बघत होतो. शेवटची वाटी संपली, मामाजींनी तृप्त होऊन श्वास सोडला आणि पट्ट्याची वेल्क्रोची चिकटपट्टी सुटली.

फर्रर्रर्र! चांगली लांबलचक.

सगळ्या पंगतीच्या माना वळल्या. व्याह्यांची नजर हळूहळू मामाजींच्या सदऱ्याकडे वळली. मामाजींचा चेहरा पांढराफटक! त्यांना घाबरलेलं मी जन्मात पाहिलं नव्हतं, त्यामुळे माझी तर पाचावर धारण बसली. आता पट्टा दिसणार, सोयरीक मोडणार आणि मामाजी मला गोठ्यात बांधणार. त्या भीतीनेच मला वाचा फुटली.

"माह्यंच होतं जी," मी म्हणालो. "सकायपासून पोट बिघडलं हाय."

सगळ्यांचा लगेच विश्वास बसला. सोयरीक टिकली. मामाजींनी आयुष्यात पहिल्यांदा माझ्या पाठीवर हात ठेवला, आणि मी लग्नापर्यंत त्याच तोऱ्यात वावरलो.

लग्नाच्या दिवशी खुद्द व्याही हाताला धरून मला जेवायला घेऊन निघाले. आता मानाचं पान, असं वाटून मी टोपी सारखी केली. सगळ्या पंगती ओलांडून, मांडवाबाहेर, लिंबाखाली त्यांनी माझ्या एकट्याचं ताट मांडलं होतं.

"इथं मोकयं बसा, पाहुने," ते मांडवाकडे बोट दाखवत मायेने म्हणाले. "वारा तिकून हाय."