उलट्या फ्लेक्सवरचं जहाज

बीबी गावच्या बाजारात धम्मरत्न अवसरमोलचं फ्लेक्सचं दुकान आहे. वाढदिवस, उद्घाटन, लग्न, मयत, गावात काहीही घडलं की लोक आधी त्याच्याकडे येतात. काही हौशी तर घडायच्या आधीच येतात. माणूस कामाला चोख, बोलायला गोड. पण त्याला एक नाद होता, आणि त्या नादापायी त्याच्या हातून जे झालं ते आठवलं की अजूनही त्याचे कान तापतात.

नाद पुण्याच्या हॉस्टेलातून आलेला. टेबलाभोवती बसून खेळायचा गोष्टीचा खेळ. एकानं गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी त्यातली माणसं व्हायचं, कुठं अडलं की फासे टाकायचे. धम्मरत्नची गोष्ट अंतराळातली. 'टिटवी' नावाचं एक जुनाट मालवाहू जहाज ग्रहाग्रहांवर खेपा करायचं. उपकेंद्रातली नर्स वंदना त्या जहाजाची डॉक्टर, आणि शिवम कप्तान. हा शिवम म्हणजे धम्मरत्नचा शाळेपासूनचा मित्र, घरच्या खत-बियाण्याच्या दुकानात बसणारा. दर गुरुवारी दुपारी शटर अर्धं ओढून खेळ चाले. एवढाले घोडे झाले तरी खेळत बसतात, म्हणून गावातल्या शहाण्यांनी नावं ठेवलीच. शहाण्यांना दुसरं काम काय असतं?

या खेळात मारामारी आली की नकाशा लागतो. कोण कुठल्या दाराआड आहे, गोळी तिथवर पोचते की नाही, हे इंचाइंचाच्या चौकटी मोजल्याशिवाय ठरत नाही, आणि ठरलं नाही की मित्रामित्रांत जुंपते. धम्मरत्ननं आधी कॅलेंडरच्या पाठीवर चौकटी आखल्या. शाई झिरपली, एका खेळात कागदाचं पोतेरं झालं. मग पांढरा फळा आडवा टाकून पाहिला. तो पुसला छान जायचा, इतका छान की शिवमची बाही लागून चालत्या लढाईत अर्धं जहाज नाहीसं व्हायचं. ऑनलाइन छापील नकाशे मिळत, पण त्यात जंगलं आणि किल्लेच फार. एखादं अंतराळयान सापडलं तरी ते एकच. दुसऱ्या वेळी कुठला दरवाजा कुठं उघडतो ते सगळ्यांना पाठ, मग भीती कसली वाटणार! त्याला हवा होता कोरा, चौकटींचा, हवं ते काढता येईल आणि ओल्या फडक्यानं पुसता येईल असा नकाशा. आज जहाजाचं इंजिनघर, पुढच्या गुरुवारी मंगळावरची खाण.

फ्लेक्सवाल्याला फ्लेक्स सुचायला इतके दिवस लागले, याचं वंदनाला फार हसू आलं. पण तिथंही गोम होती. नवा कोरा फ्लेक्स गुळगुळीत, त्यावर शाई थेंबाथेंबानं गोळा व्हायची. उतरवलेले जुने फ्लेक्स पातळ. त्यांच्या पाठीवर अवकाशयान काढावं तर मधूनच कोणाचे तरी जोडलेले हात वर दिसायचे. पाहिजे होता जाड, आरपार न दिसणारा आणि थोडं ऊन खाऊन खरबरीत झालेला. तसा एक फ्लेक्स दुकानात होता. एकच होता.

मागच्या वर्षी शिवमचे वडील किसनराव गेले. श्रद्धांजलीचा फ्लेक्स धम्मरत्ननंच केला. शिवमच्या आईनं, कोकिळाबाईंनी निक्षून सांगितलं होतं, "वाऱ्यानं फाटन असा नको करू," म्हणून खास खामगावहून जाड कापड आणवलं होतं. बांधायला सुतळी आणली तर बाईंनी ती बाजूला सारली, नवऱ्याचं उपरणं फाडलं आणि त्याच्या पट्ट्या चारी कोपऱ्यांना ओवल्या. तेरवी झाल्यावर फ्लेक्स उतरवून त्यांनी धम्मरत्नच्या हातात दिला. "घरी उंदरं कुरतडतीन बाबू. तुह्या दुकानात नीट राहीन. वर्षश्राद्धाले हाच लावू." त्यानं तो दोन्ही हातांनी घेतला होता.

आणि तोच त्यानं टेबलावर पालथा घातला.

नकळत नाही, चांगलं कळून घातला. खामगावहून तसलं दुसरं कापड मागवता आलं असतं, गच्चीवर पंधरा दिवस ऊन देता आलं असतं. पण गुरुवार उद्यावर आला होता आणि आळस आजचा होता. तोंड तर खालीच राहणार, कोणाला दिसतंय? शिवाय शिवमच खेळणार, बापाचा आशीर्वादच म्हणा की. स्वतःची समजूत घालायची असली की माणसाला वकील करावा लागत नाही. त्यानं पाठीवर पक्क्या शाईनं चौकटी आखल्या, आणि फ्लेक्स ताणलेला राहावा म्हणून त्या उपरण्याच्या पट्ट्या टेबलाच्या पायांना बांधल्या. दोघं यायच्या आत हे सगळं उरकलेलं असे. शिवमला कधी काही वाटलं नाही. फ्लेक्स लावला-उतरवला तेव्हा तो बिचारा शुद्धीवर कुठं होता!

नकाशा मात्र अस्सल निघाला. कितीही पुसा, डाग म्हणून नाही. बाप गेल्यापासून घुम्यासारखा वागणारा शिवम गुरुवारी टिटवीवर चढला की ओरडायचा, हुकूम सोडायचा, खदखदून हसायचा. ते हसू ऐकलं की धम्मरत्नला वाटायचं, जाऊ दे, चांगलंच झालं. आणि लगेच स्वतःची शिसारी यायची.

वर्षश्राद्ध जवळ आलं. डिझाइन कॉम्प्युटरात होतंच. गुपचूप नवा छापून द्यायचा, असं त्यानं ठरवून टाकलं. पण कोकिळाबाई नेमक्या गुरुवारी, ऐन लढाईत, शटरखालून वाकून आत आल्या.

"धम्मा, फ्लेक्स दे बाबू. पुसूनबिसून ठेवते."

"देतो ना काकू. उद्या घरी आणून देतो."

बाई टेकायला खुर्ची पाहू लागल्या आणि त्यांची नजर टेबलाच्या पायावर गेली. त्या खाली बसल्या, पट्टी बोटांत धरली. "हे तं ह्यायच्या उपरण्याचं आहे."

बाईंनी एकेक गाठ सोडवली, उठल्या आणि फ्लेक्स उलटा केला. फासे, माणसं म्हणून मांडलेली बाटल्यांची झाकणं, सगळं खाली सांडलं. वर्षभर टेबलाला घासून किसनरावांचा एक गाल आणि अर्धी मिशी पांढरी पडली होती. कडेनं चहा मुरलेला.

बाई ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या हळू म्हणाल्या, "तुह्या दुकानात जागा नव्हती तं सांगाचं होतं बाबू. म्या घरी ठेवला असता."

शिवम उठून मधे आला. "आई, त्याले मालूम नसन. गठ्ठ्यातून उलटाच निघाला असन. धम्मा असा माणूस नाही." आणि त्यानं धम्मरत्नकडे पाहिलं.

धम्मरत्ननं 'हो' म्हणून मान हलवली.

त्या एका मान हलवण्याची लाज त्याला फ्लेक्सपेक्षा जास्त वाटली. चूक तर झालीच होती, आता ती मित्राच्या विश्वासाखाली दडवली होती. नवा फ्लेक्स त्यानं छापून, स्वतः शिडीवर चढून बांधला. श्राद्धाच्या पंगतीत कोकिळाबाईंनी आग्रहानं खीर वाढली, "घे बाबू, मनाले लावून घेऊ नको." हातावर पाणी घेऊन तो न जेवल्यासारखाच उठला.

पुढच्या गुरुवारी शिवम वेळेआधीच आला, बगलेत एक गुंडाळी. त्यानं टेबलावर नवाकोरा नकाशा पसरला. दोन्ही बाजू पुसता येणारा, एकीकडे काळं चांदण्यांचं आभाळ, दुसरीकडे जहाजाची करडी जमीन, सगळीकडे चौकटी. "खास मागवला बे. आता तुले कोणाचा फ्लेक्स उलटा कराचं काम नाही." नकाशावर दोन्ही कोपरं टेकून तो लहान पोरासारखा खूश होऊन बसला. वंदना झाकणं मांडू लागली.

धम्मरत्नच्यानं राहवेना. "शिवम, मले मालूम होतं."

"काय?"

"तो फ्लेक्स कोणाचा आहे ते. पहिल्या दिवसापासून."

शिवमचं हसू हळूहळू गेलं. मग त्यानं विचारलं, "बाबाचं तोंड कोणत्या बाजूले राहे?"

आठवत नाही, असं म्हणता आलं असतं. "तुह्या बाजूले," धम्मरत्न म्हणाला.

"दर खेपेले?"

"हाव. मीच तसा आंथरत होतो. माह्या हाताखाली आलं तं मले फासे टाकवत नव्हते."

शिवमनं टेकलेली कोपरं उचलली. आता हा जाणार आणि पुन्हा येणार नाही, असं धम्मरत्नला वाटलं. शिवम उठला खरा, पण टेबलाला वळसा घालून त्याच्यापाशी येऊन उभा राहिला.

"ऊठ. आजपासून तू तिकडं बसजो."

धम्मरत्न मुकाट्यानं मित्राच्या खुर्चीवर जाऊन बसला. शिवम त्याच्या जागी बसला आणि म्हणाला, "सांग आता गोष्ट." गोष्ट सुरू झाली. नकाशा नवा होता, त्याच्याखाली नुसतं टेबल होतं. तरी धम्मरत्नचे हात मांडीवरून वर येईनात, फासे टाकायची वेळ आली तेव्हा वंदनाकडे न पाहताच तो म्हणाला, "तू टाक."