नारळ फुटल्यावरची निवडणूक

"हात पुढं कर. प्रसाद घे."

गावचे जुने मालगुजार, आमचे मालक, खोबऱ्याचा तुकडा धरून माझ्यासमोर उभे होते. मी हात मागे बांधले.

सगळं गाव मारुतीच्या ओट्यापाशी जमलं होतं. ग्रामपंचायतीची निवडणूक आली की आमच्याकडे असंच होतं. मालकांच्या वाड्याच्या छपरीत, पडवीत, नावं ठरतात, मग मारुतीपुढं नारळ फुटतो. ज्यानं खोबरं खाल्लं त्याचा होकार. बाकीचे उमेदवार दुसऱ्या दिवशी तहसीलला जाऊन आपले अर्ज मागे घेतात. गाव अविरोध. पेपरात फोटो येतो.

आमच्या वॉर्डाची जागा बाईसाठी होती. मालकांनी आपली सून ठरवली. मी गोंदियाला बसनं जाऊन-येऊन बी.ए. केलं, घरातली पहिली. अर्ज माझाही होता.

"नारळ फुटला, बाई. आता कायची निवडणूक?"

"मी अर्ज मागं नाही घेत, मालक."

मागून कोणीतरी बोललं, "बी.ए. झाली म्हणते. नोकरी लागली नाही त मतं मागून राहिली!" हशा झाला. माणसांचा, बायांचाही.

मालक हसले नाहीत. "तुया बापाच्या धानाच्या बांधीत पाणी कोणाच्या तलावातून येते?"

तलाव त्यांच्या पणज्यानं बांधला. माती आमच्या पणज्यानं वाहिली. हे बोलायचं सोडून मी बाबांकडे पाहिलं. बाबा खोबरं चावत होते. मान खाली, हळूहळू, आवाज होऊ नये असं.

अर्ज मी मागे घेतला नाही.

धान कापणीला आलं होतं. सांगितलेल्या बाया आल्या नाहीत. बांधीत मी आणि माय, दोघीच. बोरिंगवर मी गेले की बोलणं थांबायचं. शाळेपासूनची मैत्रीण अर्धी घागर उचलून निघून गेली. प्रचाराला मी एकटी फिरले. दारं उघडी, आत माणसं, बाहेर कोणी येईना. कोणी शिवी दिली असती तरी बरं वाटलं असतं.

मी हरले. वाईट हरले.

त्या संध्याकाळी माय चुलीपुढं बसून म्हणाली, "म्या बी तुले मत नाही देलं."

"काऊन, माय?"

"मशीनवर मालकाच्या सुनेचं चिन्ह होतं न. मले वाटलं, ते बटन नाही दाबलं त मालकाले समजते."

"तुयाजवळ कोणी उभं होतं का?"

"कोणीच नव्हतं, बाई."

मतदान गुप्त असतं, हे मी परीक्षेत लिहिलं आहे. त्याचे मार्क मिळाले आहेत. पुठ्ठ्याच्या आडोशामागे माझी माय एकटी होती, आणि तरी मालक तिच्या बोटापाशी उभे होते. देशात लोकशाही आहे का, हे मला विचारू नका. तिला विचारा. ती आधी इकडंतिकडं पाहील.

मी गाव सोडणार नाही. पुढच्या निवडणुकीत अर्ज भरीन, त्याच्या पुढच्यातही. बांधीत दोघीच राबू. एकही मत पडलं नाही तरी चालेल. या वॉर्डातल्या प्रत्येकाला त्या आडोशामागे एकटं जावंच लागेल, माझ्या मायलासुद्धा. मी निवडून येईन की नाही, माहीत नाही. माझा अर्ज आहे तोवर मशीन मात्र गावात आणावीच लागेल.