नाक्यावरची आत्या, बोटीवरची आत्या

नाक्यावरच्या फ्लेक्सवर माझ्या आत्याला दोन डोळे आहेत.

खऱ्या आत्याला एकच होता.

आज तिला जाऊन वर्ष झालं. विठ्ठलवाडीला आमच्या नाक्यावर दादाने काल फ्लेक्स लावला. प्रथम पुण्यस्मरण, समई, खाली घरातल्या सगळ्यांची नावं. फोटो तिच्या आधार कार्डावरचा, कारण गॉगल नसलेला तेवढाच सापडला. त्यात उजवा डोळा कॉपी करून, उलटा फिरवून डावीकडे बसवलाय.

मी कालच दादाला फोन केला.

"अगं, छान दिसतेय की. डिझाइनवाल्याने स्वतःहून करून दिलं."

"दादा, ही आत्या नाहीये."

"मग काय करू? तुझा तो पायरेटवाला फोटो लावू? उद्या सगळी भावकी येणार आहे जेवायला."

हो. तोच लावायचा होता.

ज्यांनी तिला पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते.

तेविसाव्या वर्षी आत्या डोंबिवलीत एका केमिकल कंपनीत पॅकिंगला होती. एका ड्रमचं झाकण उडालं. डावा डोळा गेला. ठरलेलं लग्न मोडलं. तिने दुसऱ्या कंपनीत काम धरलं आणि शेवटपर्यंत केलं. तिच्या पगारावर मी शिकले. आमच्या घरातली पहिली ग्रॅज्युएट.

जुन्या फोटोंत ती सापडत नाही, कारण फोटो तीच काढायची. रोलचा कॅमेरा होता तेव्हा म्हणायची, "तुम्हाला एक डोळा मिटावा लागतो. माझं तेवढं काम वाचलं."

आम्ही हसायचो.

दादाच्या लग्नात कोणीतरी तिला सांगितलं, गॉगल लाव आणि जरा मागे बस, नवरीसमोर नको. ती मागे जाऊन बसली. "इथे पंख्याचा वारा बरा लागतो," म्हणाली.

मी तिथेच होते. काही बोलले नाही. हेही लिहायला हवं.

ती गेली त्याच्या आधीचा मे महिना. चाळीतल्या मुलांचा मी रविवारी वर्ग घेते. परीक्षा संपल्यावर त्यांना ठाण्याच्या खाडीत पायरेट बोटीवर न्यायचं ठरवलं. दादाची चिनू धरून नऊ मुलं. बोटवाल्यांचा नियम, एवढ्या मुलांबरोबर दोन मोठी माणसं हवीत. आत्याला अक्षरशः ओढून नेलं.

काळं शीड, कवटीचा झेंडा, स्पीकरवर तोफांचे आवाज. दोन्ही बाजूंना तिवरं आणि खाडीचा नेहमीचा वास. लाल कोट घातलेला, मिशी चिकटवलेला कॅप्टन सगळ्यांना डोळ्यावर बांधायच्या काळ्या पट्ट्या वाटत होता.

आत्यापाशी आला. "आज्जी, गॉगल काढा! पायरेट गॉगल नाय घालत!"



आत्याने गॉगल काढला.

कॅप्टनचा चेहरा पडला. "सॉरी आज्जी... मला माहीत नव्हतं."

"सॉरी कसलं? पट्टी दे इकडे."

तिने बांधली. नऊ मुलं बघत होती. चिनू सगळ्यात पुढे.

"आत्याआजी, तुझा डोळा खरंच नाहीये?"

"नाही."

"कुठे गेला?"

"लढाईत."

"कोणाशी लढाई?"

"ड्रम होता एक. तुझ्याहून मोठा."

"मग कोण जिंकलं?"

आत्याने जरा विचार केला. "ड्रम गेला भंगारात. मी आहे इथे बोटीवर. आता तूच सांग."

चिनू मागे वळून ओरडली, "ए, आपल्या सगळ्यांच्या पट्ट्या खोट्या आहेत! आत्याआजी खरी पायरेट आहे!"

मग मिशीवाल्याला कोण विचारतो! मुलांनी त्याचीच टोपी मागून आणून आत्याला घातली. उरलेला वेळ ऑर्डरी तिच्याच. "डावीकडे तोफ! उजवीकडे तोफ! ए चिने, खाली बस, खाडीत पडशील!"

तेव्हा मी फोटो काढला. टोपी, पट्टी, हातात प्लॅस्टिकची तलवार, आणि तोंड एवढं उघडं की पडलेल्या दाढेची जागा दिसते.

"मला पाठव गं हा," ती म्हणाली. असं ती आयुष्यात पहिल्यांदा म्हणाली.

संध्याकाळी तिने तो डीपीला ठेवला. दहा मिनिटांत दादाचा फोन. "आत्या, काढ तो. माझ्या सासरची लोकं बघतात."

तिने काढला.

मी तेव्हाही गप्प बसले. दोन महिन्यांनी, सकाळी डबा भरताना, ती गेली.

काल चिनू फ्लेक्ससमोर उभी राहिली आणि तिने विचारलं, "पप्पा, ही कोण?"



आज मी गप्प बसणार नाही. सकाळीच पायरेटचा फोटो मोठा करून आणला, फ्रेम केला, पाटावर ठेवला, हार घातला.

काकू म्हणाली, "अगं, हा काय तमाशा? श्राद्ध आहे आज."

मी म्हटलं, "ही आत्या आहे आज."

जेवायला येणाऱ्यांना हाच फोटो दिसेल. हात जोडायचे तर याच्यासमोर. ज्यांना बघवणार नाही त्यांनी खुशाल मागे बसावं. तिथे पंख्याचा वारा बरा लागतो.

दादा, तू हे वाचशील. तुझ्या मनात वाईट नव्हतं, मला माहितीये. तुला वाटलं तिच्यातली कमी भरून काढावी.

कमी नव्हतीच रे.

फोटो खाली टाकलाय. क्रॉप करायला, डिलीट करायला कोणी सांगू नका. आत्याची पट्टी चिनूकडे आहे, ती कोणाला हात लावू देत नाही.

भावपूर्ण शब्द फ्लेक्सवर छापलेत, ते तिथेच राहू देत.

आत्या, नमस्कार करते. तुझा गॉगल मी ठेवून घेतलाय.

तू तशीच जा.