गडवाल्यांचा हीलर

मुलगी नोकरीसाठी बंगळुरूला गेली तेव्हा आम्हाला लखनौला येऊन दीडेक वर्ष झालं होतं. मी एका सरकारी कंपनीत, देखभाल विभागात. ऑफिस गोमती नगरला, भाड्याचं घर महानगर नावाच्या वस्तीत. मूळचे आम्ही साताऱ्याचे, पण मुलीचं सगळं लहानपण माझ्या बदल्यांमध्ये गेलं. त्यामुळे आम्ही मराठीत बोलायचं आणि तिनं हिंदीत उत्तर द्यायचं, हे घरात कधी सुरू झालं ते कुणालाच आठवत नाही.

ती गेल्यावर आमचं फोनवरचं संभाषण साधारण असं असायचं:

"जेवलीस का?"

"हाँ बाबा."

"काम कसं चाललंय?"

"ठीक है बाबा."

"बरं मग."

"हाँ, बाय बाबा."

एकदा मी घड्याळ लावून बघितलं. अठ्ठावीस सेकंद. त्यातले चार खोकण्यात गेले होते.

एका रविवारी मात्र तिच्या हातून फोन बंद करायचा राहिला. मी ठेवणार, तेवढ्यात पलीकडून तिचा आवाज आला, "अरे गेट छोड़ो, पीछे हटो सब! पहले हीलर को मारो, हीलर को!" माझी गरीब मुलगी, जी शाळेत बाईंना पाणी प्यायला जाऊ का हेसुद्धा विचारायची नाही, ती कुणाला तरी ठार मारायचे हुकूम देत होती. आणि काय आवाज! मी कान लावून पाच मिनिटं ऐकत उभा राहिलो.

"खेळते ती," बायको म्हणाली. "कॉम्प्युटरवर. लढाईचा काहीतरी खेळ आहे. हजारो माणसं एकदम खेळतात म्हणे."

"नाव काय त्याचं?"

बायकोला नाव माहीत होतं. मला हे कधी कुणी सांगितलं नाही म्हणून जरा वाईट वाटलं. पण मुलीचा जुना लॅपटॉप घरात पडून होता, आणि मशीन चालू करून आत शिरणं हे तर माझं आयुष्यभराचं काम. त्याच संध्याकाळी मी तो खेळ उतरवून घेतला.

आत गेल्यागेल्या खेळानं पहिला प्रश्न विचारला, कोणत्या पक्षात जाणार? पक्ष दोन. दोघांची इंग्रजी नावं चांगली हातभर लांब होती. एक पक्ष डोंगरात गड बांधून राहणारा, दुसरा जहाजांवरून येऊन ते गड लुटणारा. घरात आम्ही त्यांना गडवाले आणि दर्यावाले म्हणू लागलो. आता साताऱ्याच्या माणसाला समोर तटबंदी, बुरूज, वर फडकणारं निशाण दिसल्यावर तो दुसरीकडे कशाला बघेल? मी गडवाल्यांत नाव घातलं. मुलीला आधी विचारावं हे डोक्यातच आलं नाही.

दुसरा प्रश्न, तुम्ही कोण? योद्धा, तिरंदाज, जादूगार, मारेकरी की हीलर, म्हणजे जखमा भरून काढणारा. मी योद्धा निवडला. खांद्यावर कुऱ्हाड, छातीवर पोलाद, आणि मिशी घरच्यापेक्षा बरी. पहिल्या तासाभरात मी अकरा वेळा मेलो. त्यातला एक मृत्यू रानडुकरामुळे आणि एक पायरी चुकल्यामुळे.

आठवडाभरानं एका गिल्डनं मला घेतलं. गिल्ड म्हणजे एका पक्षातली पंचवीस-तीस जणांची टोळी. माईकवर एकमेकांशी बोलत एकत्र लढायचं. आमच्या गिल्डची म्होरकी एक बाई होती. सगळे तिला आपा म्हणायचे. ती टँक होती, म्हणजे अंगावर दोन माणसांइतकं चिलखत घालून सगळ्यात पुढे ढाल धरून उभी राहणारी. तिनं माझी लढाई दोन दिवस पाहिली आणि अतिशय अदबीनं म्हणाली, "जनाब, बुरा न मानिए, मारना आपके बस का नहीं है. आप हीलर बन जाइए."

मी हीलर झालो, आणि आश्चर्य म्हणजे मला ते जमलं. वीस जण वीस बाजूंनी स्वतःला मोडून घेत असतात. कोण किती मोडलाय ते त्याच्या डोक्यावरच्या पट्टीवर बघायचं, आधी कुणाकडे धावायचं ते ठरवायचं आणि हिरवा उजेड सोडून त्याला परत उभा करायचा. बत्तीस वर्षं मी कंपनीत दुसरं काय करत होतो? फरक एवढाच की इथे लोक शुक्रिया म्हणायचे.

महिन्याभरानं, बऱ्यापैकी लेव्हल चढल्यावर, मी मुलीला फोनवर सांगितलं.

"बाबा, आप? सच में?" मग एकदम, "कौन सी साइड?"

"गडवाले."

पलीकडे हसण्याचा स्फोट झाला. "बाबा! आप तो दुश्मन हो!"

ती दर्यावाल्यांतली मारेकरी होती. काळा झगा, दोन खंजीर, कुठूनही अचानक उगवायची. पक्ष बदलायचा तर सगळं पहिल्यापासून सुरू करायला लागणार होतं, आणि ते रानडुक्कर मला पुन्हा भेटायला नको होतं. शिवाय दोन पक्षांना एकमेकांशी बोलता येत नाही. शत्रूनं काही लिहिलं तर आपल्याला नुसती वेडीवाकडी अक्षरं दिसतात. फक्त हातवारे करता येतात. हात हलवता येतो, वाकून नमस्कार करता येतो, नाचता येतं.

दर रविवारी सकाळी अकरा ते बारा मोठी लढाई असायची. दर्यावाल्यांनी गडावर चालून यायचं, आम्ही निशाण राखायचं. बाराच्या ठोक्याला निशाण जागेवर असलं की गड आमचा. एकमेकांची खेळातली नावं आम्ही फोनवर सांगून ठेवली होती. त्या फोननंतरच्या रविवारी मी आपाच्या पाठीमागे उभा राहून इमानदारीनं हिरवा उजेड सोडत होतो. अचानक माझ्या शेजारी काळा झगा उमटला. तिनं मला हात हलवून दाखवला. मीही आनंदानं हात हलवला. तिनं मला भोसकलं.

त्यानंतरचे सगळे रविवार असेच. आधी हात हलवायची, मग मारायची. एवढी नियमित भेट ती घरी होती तेव्हाही होत नव्हती. बायको अकराला चहा आणून ठेवायची आणि बाराला कप उचलताना विचारायची, "आज किती वेळा?"

"सात."

"मागच्या रविवारी पाचच."

"तिचा हात सुधारतोय."

मधे एक गंमत झाली. मी माईक बंद करायला विसरलो आणि बायको स्वयंपाकघरातून ओरडली, "अहो, कपूरथल्याहून दही आणायचंय, विसरू नका!" ऐन लढाईत पंचवीस जणांनी ते ऐकलं. कपूरथला म्हणजे आमच्या घराजवळचा बाजार. मग आपा म्हणाली, "कपूरथला? महानगर वाला कपूरथला? अरे साहब, आप लखनऊ के हैं और हमें ख़बर तक नहीं!"

आपाचं अमीनाबादला लेस आणि गोट्याचं, म्हणजे जरीच्या किनारीचं, दुकान होतं. पुढच्या शनिवारी बायको आणि मी रिक्षानं गेलो. मी मनात सहा फुटी बाई धरून चाललो होतो. गल्लीतल्या त्या अरुंद दुकानात, लेसच्या रिळांच्या भिंतीपुढे, पासष्टीची एक इवलीशी बाई बसली होती. चष्मा दोरीनं गळ्यात अडकवलेला, एक पाय स्टुलावर लांब केलेला.

"घुटना बदलवाया है," ती म्हणाली. "दो महीने बिस्तर पर पड़े थे, भतीजी ने यह खेल लगा दिया. तब से बैठे-बैठे क़िला सँभाल रहे हैं." मग बायकोकडे वळून म्हणाली, "और दही मिल गया था?"

माझी मुलगी शत्रुपक्षात आहे हे मी तिला सांगितलं. कोणती, हे सांगितल्यावर तिनं चष्मा डोळ्यांवर चढवला. "वो काले चोग़े वाली? वो आपकी साहबज़ादी हैं? उन्होंने तो हमारी नाक में दम कर रखा है!" आवाजात राग नव्हता, कौतुक होतं. बायकोला दोन मीटर लेस तिनं जबरदस्तीनं दिली.

खरा पेच पुढे पडला. एका शुक्रवारी मुलीचा फोन आला. हल्ली फोन चार-पाच मिनिटं चालायचे, कारण मी कसा मेलो यावर ती मला टीका ऐकवायची. त्या दिवशी ती खुशीत होती आणि बोलता बोलता म्हणून गेली, "इस बार गेट पर आप लोग खड़े रह जाओगे बाबा. हम पाँच लोग तो नाले वाली सुरंग से..." आणि गप्प झाली. "बाबा, आपने कुछ नहीं सुना."

"नाही ऐकलं," मी म्हणालो.

शनिवारभर मला चैन पडेना. गडाच्या मागच्या बाजूला सांडपाण्याचा एक बोगदा होता, हे मलाही माहीत होतं. तो थेट निशाणापाशी निघायचा. आपाला सांगितलं तर मुलीचा विश्वास गेला. नाही सांगितलं तर आपाचा गड गेला, माझ्यामुळे. बायकोला विचारलं तर ती म्हणाली, "अहो, खेळ आहे तो."

"ते ठीक आहे गं, पण सांगू का नको?"

तिनं थोडा विचार केला. "सांगू नका. पण तुम्ही तिथे जाऊन उभं राहायला तुम्हाला कुणी अडवलंय का?"

रविवारी अकरा वाजता सगळा गिल्ड दरवाज्यावर जमला आणि मी हळूच मागे सटकलो. बोगद्याच्या तोंडाशी एकटाच जाऊन उभा राहिलो. माझ्या हातात काठी होती आणि तिनं उंदीरही मेला नसता. आपा माईकवर ओरडत होती, "हीलर साहब, कहाँ हैं? हम मर रहे हैं!" मी गप्प. ती मेली. परत आली. परत मेली.

साडेअकराच्या सुमाराला बोगद्याच्या अंधारातून पाच जण आले. पुढे काळा झगा. मी हात हलवला.

ती थबकली. तिच्यामागचे चौघेही थबकले. एका मारेकऱ्याला हीलर मारायला तीन सेकंद लागतात, हे मला स्वानुभवानं माहीत होतं. पण ती पुढे येईना. एक पाऊल टाकायची, मागे घ्यायची. डावीकडे बघायची, उजवीकडे बघायची. वेडीवाकडी अक्षरं भराभर उमटत होती, बहुधा आपसातलं भांडण. मी वाकून नमस्कार केला. ती दोन पावलं मागे गेली. मग मला आणखी काय करावं ते सुचेना, म्हणून मी थोडा नाचलो.

अशी पंचवीसेक मिनिटं गेली. शेवटी त्यांच्यातला एक जण धीर करून पळत आला आणि मला मारून गेला, पण तोवर बाराला दोन मिनिटं कमी होती. ते निशाणापर्यंत पोचले आणि घंटा झाली. गड आमचाच राहिला.

बारा वाजून एक मिनिटानं फोन वाजला. तिनं आपणहून, रविवारी, मला केलेला पहिला फोन.

"आपने उनको बता दिया!"

"नाही सांगितलं."

"तो पीछे कितने लोग छुपे थे?"

"कुणीच नव्हतं. मी एकटाच होतो."

"एकटाच?" ती चक्क मराठीत किंचाळली. "अकेले? और आप नाच रहे थे?"

त्या दिवशी ती त्रेचाळीस मिनिटं बोलली. पहिली पंधरा मला रागावली, मग तिला हसू आवरेना, मग त्या चौघांत तिला कोण काय म्हणालं, कोण परत फिरू म्हणत होतं, हे सगळं सांगत बसली. चहा गार झाला. बायकोनं तो बदलून आणला.

आपाला मात्र खरं सांगणं भाग होतं. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "बेटी का राज़ रखा, अच्छा किया. मगर आपकी इस शराफ़त में हम आठ बार मरे हैं. यह हम भूलेंगे नहीं." पुढचा पूर्ण आठवडा तिनं मला दलदलीत औषधी मुळ्या खणायला पाठवलं.

हिवाळ्यात मुलगी चार दिवसांसाठी आली. आल्याच्या दुसऱ्या दिवशी म्हणाली, "बाबा, आपा से मिलवाओ." आम्ही दोघं अमीनाबादला गेलो. पहिली पाच मिनिटं दोघी एकमेकींना निरखत होत्या, नंतर अशा बोलायला लागल्या की मधे शिरायला फट नव्हती. मी कोपऱ्यातल्या स्टुलावर बसलो. आपानं सुटलेल्या लेसचा गुंता माझ्या हातात दिला, "ज़रा लपेट दीजिए."

मी गुंडाळत होतो आणि ऐकत होतो. गड झाले, खंजीर झाले, मग आपानं विचारलं, काम कैसा है बेटा? मी कान टवकारले. "ठीक है" एवढंच येणार होतं. पण ती म्हणाली, "वो वाली नौकरी तो मैंने गर्मियों में ही छोड़ दी थी, आपा." तिथला साहेब कसा होता, ती दोन महिने कशी घरी बसून होती, आता नवीन ठिकाणी कसं बरं आहे, सगळं सांगितलं. माझे हात लेसवर थांबले. मग आपण थांबलेलो दिसू नये म्हणून पुन्हा जोरात गुंडाळायला लागलो.

परतताना ई-रिक्षात तिनं बाहेर बघतच विचारलं,

"आपने सुन लिया ना?"

"हो."

"डाँटोगे नहीं?"

रागवावं असं आधी मनात होतं. पण तिनं सांगितलेले ते दोन महिने डोक्यातून जाईनात. ते सगळे रविवार ती मला नेमानं मारायला येत होती, आणि मी बायकोला तिचा हात सुधारल्याचं सांगत होतो.

"नाही," मी म्हणालो. "पण आईला तू सांगायचं. तिच्यापुढे मी ढाल धरणार नाही."

ती हसली आणि माझ्या खांद्यावर डोकं टेकून बसली. बाजूनं स्कूटरवाले हॉर्न वाजवत होते.

घरी जेवायला बसल्यावर तिनं एक घास घेतला, पाणी प्यायली, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "आई, एक बात बतानी थी. मैंने ना, वो पुरानी नौकरी..."

"जूनमध्ये सोडलीस," बायको म्हणाली. "तूच नाही का तेव्हा रडत फोन केलास? ह्यांना सांगू नको म्हणालीस, नाही सांगितलं." माझ्यासाठी चाललेलं नाटक उघडं पडल्यावर मुलीनं ताटात मान घातली. बायकोनं पातेल्यातला डाव उचलला. "अहो, भाजी वाढू का तुम्हाला?"