मॅचिंग सेंटरमधलं स्टूल

ब्लाउजपीस घ्यायला गेले, तर काउंटरमागे नवं स्टूल दिसलं. उभ्याने काम करणाऱ्यांना बसायची सोय द्यायलाच हवी, असा कायदा आलाय म्हणे. मालकांनी तो पाळला होता. स्टुलावर मात्र अस्तराचे तागे रचलेले.

"बसत नाही का?" मी सुनंदाताईंना विचारलं. वर्षानुवर्षं त्याच मला रंग जुळवून देतात.

"गिऱ्हाईक उभं असताना कसं बसायचं?" त्या हसल्या.

कायद्याने स्टूल आलं, पण अंगात मुरलेलं ते उभं राहणं कसं जाणार? हळहळतच पायरी उतरले आणि पिशवी विसरले म्हणून परतले. दुकानात आता गिऱ्हाईक कुणी नव्हतं. तागे बाजूला ठेवून सुनंदाताई डोळे मिटून बसल्या होत्या. माझी चाहूल लागताच ताडकन उठल्या.

"सॉरी हं," म्हणाल्या.