कानापर्यंतचा हात

“उजवा हात डोक्यावरून ने. डावा कान पकड.”

घाटकोपरच्या डोंगरावरच्या आमच्या वस्तीखालची शाळा. ऐंशी-एक्याऐंशीची गोष्ट. हेडमास्तरांनी सांगितलं तसा मी हात नेला. बोटं कानाच्या वरच अडकली. नाव घालायला आलेली माणसं फिदीफिदी हसली.

“वय भरलं नाही हिचं. पुढच्या वर्षी आण,” ते आईला म्हणाले.

माझ्या मागे दुकानदाराचा मुलगा होता. माझ्याहून बुटका. त्याला कान पकडायला कुणी सांगितलं नाही. त्याच्या बापाकडे इस्पितळातला जन्मदाखला होता. बापाला “या, बसा”. माझी आई उभीच. मी गावाकडे घरातच जन्मले. नोंद कोण करणार?

आई भोळी. रोज संध्याकाळी तेल चोळून माझा हात ओढायची, लांब व्हावा म्हणून. त्याच हातांनी मी धाकट्या भावाला कडेवर घ्यायचे, नळावरून कळशी आणायचे, स्टोव्ह पेटवायचे. त्या कामांना माझं वय भरलं होतं. फक्त शाळेला भरलं नव्हतं. थू त्या अकलेवर!

पुढच्या जूनलाही तेच. त्याच्या पुढच्या जूनला हात पोचला. मी कान घट्ट धरून उभी राहिले.

“आता ही घोडी पहिलीत कुठे बसवू? धुण्याभांड्याला लाव हिला,” हेडमास्तर म्हणाले.

आईने हात जोडले. मग माझं मनगट धरलं. “चल गं.”

तिच्या त्या जोडलेल्या हातांचा मला राग आला. मनगट सोडवून मी सरळ पहिलीच्या वर्गात जाऊन बसले.

“ऊठ!” हेडमास्तर दारातून ओरडले.

“नाय उठणार.”

शिपायाने माझा दंड धरला. तेव्हा आई उंबऱ्यातच बसली. “हात लावू नका पोरीला. म्या बी हितनं हलत न्हाय.”

बाहेर टायवाल्या पोरांचे आईबाप जमले. शाळेची शोभा नको म्हणून त्या भेकडाने माझं नाव घातलं. दया आली म्हणून नव्हे.

पुढे निवृत्त होताना हेडमास्तरांना शाल-श्रीफळ मिळालं. गोरगरिबांचे कैवारी म्हणे! मला बोलावणं होतं. मी गेले नाही.

दर जूनला वस्तीतली पोरं घेऊन मी त्याच दारात जाते. कुणी “कान पकड” म्हणालं, तर पोराचा हात वर जाऊ देत नाही. आधी नाव लिहा. तोवर आम्ही उंबऱ्यातून उठत नाही.