डायरीतली सोलकढी

ती घटना आज आठवली की माझ्या मिशा अजून ताठ होतात, आणि मिशा तर मी निवृत्तीच्या दिवशीच उतरवल्या! मालवण किनाऱ्यावरच्या एका पोलीस ठाण्याचा मी प्रमुख होतो. माझा आवाज चढला की बंदरातल्या होड्या दोन हात मागे सरकत, असं लोक म्हणत. लोक म्हणजे मुख्यतः मीच. नावं कुणाचीच घेणार नाही. ज्यांनी ओळखायचं ते ओळखतील.

सकाळची हजेरी नुकतीच संपली होती. काठी टेकत एक मास्तर आत आले. आचऱ्याकडचे, प्राथमिक शाळेतले, वय तिशीचं, उजवा गुडघा सोललेल्या नारळाएवढा. मी पाणी मागवलं, तर त्यांनी पिशवीतून स्वतःचा स्टीलचा ग्लास काढला.

"गिलास माझो आसा, सायेब. शाळेत माका येगळो दिल्यानी."

मास्तरांना जन्मापासून हिमोफिलिया. म्हणजे रक्त लवकर गोठत नाही. साधा मुका मार लागला तरी सांध्याच्या आत साचत राहतं. मोठ्या वादळात झाडं पडून रस्ते बंद झाले, दवाखान्यातली त्यांची इंजेक्शनं संपली आणि नेमका तेव्हाच गुडघा भरला. जवळच्या एका खाजगी रक्तपेढीतून प्लाझ्माच्या पिशव्या आणून चढवल्या. गुडघा वाचला. पुढे दरवर्षीच्या तपासणीत हिपॅटायटिस सी निघाला, रक्तातून लागणारा यकृताचा आजार. आदल्या वर्षीचा अहवाल स्वच्छ होता. मास्तरांनी रक्तपेढीला जाब विचारला, तर लेखी उत्तर आलं: आमची प्रत्येक पिशवी यंत्रावर तपासलेली असते, रुग्णाने आपल्या बाहेरच्या सवयी तपासाव्यात. त्या कागदाची प्रत शाळेतही पोचली. हा आजार ग्लासातून पसरत नाही, हे मास्तरांनी फळ्यावर लिहून सांगितलं. तरी ग्लास वेगळा झालाच.

"गोळये घेतंय, बरो होईन," मास्तर म्हणाले. "पण त्या कागदान माझां नाव खराब केलां, तां गोळयेन धुवान जावचा नाय. आणि माझ्यासारखी आणखी माणसां थयसूनच पिशये घेतत, सायेब."

मी अर्ज घेतला. अशा प्रकरणात आधी सरकारी डॉक्टरांच्या समितीचं मत घ्यावं लागतं, म्हणून तिकडे पत्र धाडलं. संध्याकाळच्या आत एका वजनदार माणसाचा फोन आला. रक्तपेढीचा मालक किनाऱ्यावरच्या एका बड्या हॉटेलचाही मालक होता.

"तो अर्ज निकाली काढा."

"काढतो साहेब," असं म्हणून मी अर्ज खुर्चीच्या गादीखाली सरकवला आणि त्यावर बसलो. मला खुर्चीतून उठवायला बंदरावरची क्रेन लागते, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

मग मास्तरांच्या गावची जत्रा आली. मी बंदोबस्ताला होतो. मास्तरांनी देवापुढे नारळ ठेवला आणि गावाच्या मानकऱ्याने गाऱ्हाणं घातलं. आमच्याकडे गाऱ्हाणं एकट्याचं नसतं. प्रत्येक वाक्याला अख्ख्या गावाने हुंकार भरायचा असतो.

"बा देवा म्हाराजा, ज्या कोणी तपासल्याबिगर ह्या लेकराक रगात दिला असात..."

"व्हय म्हाराजा!"

"त्येच्या तोंडातसून खरा बाहेर काढ रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

सभामंडप दणाणला. खांबाआड एकच माणूस ओठ मिटून उभा होता. हवालदाराने माझ्या कानात सांगितलं, हा याच गावचा, त्याच रक्तपेढीत तंत्रज्ञ. मला तेवढी टीप पुरे होती. पोलिसांशी खोटं बोलायला आमच्या माणसांची जीभ कधी अडखळत नाही. पण देवाला खोटा हुंकार देणं त्याला जमलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला ठाण्यात बोलावलं. लोकांना वाटतं चौकशी म्हणजे पट्टा. माझा अनुभव असा की चहा द्यावा. कप रिकामा झाला की हातांना काम उरत नाही आणि तोंड सुरू होतं.

"काल देवासमोर तोंड कित्याक बंद होता रे?"

"घसो बसलेलो, सायेब."

"आज?"

"आज बरो आसा."

"मग म्हण बघूया, व्हय म्हाराजा."

त्याने रिकामा कप पुन्हा तोंडाला लावला. पण माणूस पक्का होता. रक्तपेढीकडून मागवलेल्या रजिस्टराच्या प्रतीत वादळानंतरच्या पहिल्या चार दिवसांच्या तपासण्या यंत्रावर झाल्याची नोंद होती, खाली त्याची सही.

"वीज खंय होती तेव्हा? माझा वायरलेस जीपच्या बॅटरीवर चालत होता."

"जनरेटर होतो ना, सायेब."

जनरेटर! मी ताडकन उठलो. (क्रेनशिवाय.) स्टेशन डायरी मागवली आणि वादळाच्या आठवड्याचं पान उघडलं. माझ्याच अक्षरात लिहिलं होतं: किनाऱ्यावरील हॉटेलास भेट. अडकलेले पर्यटक सुखरूप. रक्तपेढीचे नाव रंगवलेला जनरेटर तेथे चार दिवसांपासून चालू. थंड सोलकढी घेतली, दोन ग्लास.

ती नोंद करताना ठाणे अंमलदार मला म्हणाला होता, "सायेब, सोलकढी कित्याक लिवतास?" मी म्हटलं होतं, "घेतली म्हणून."

तंत्रज्ञाने ते पान वाचलं. पुन्हा वाचलं. मग चेहरा ओंजळीत धरून बोलला, "यंत्र बंदच होतां. मालक म्हणालो, निगेटिव्ह लिव, वीज इली की तपासू. मगे कोणी तपासलां नाय. मास्तर माझ्या चेडवाक शाळेत शिकयता, सायेब. त्येच्या तोंडाकडे माझ्यान बघवणा नाय."

पोलिसांपुढचा कबुलीजबाब कोर्टात टिकत नाही, म्हणून त्याला न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर उभं केलं. औषध निरीक्षकांना घेऊन रक्तपेढीवर छापा घातला, पंचनामा केला, रजिस्टरं जप्त केली. त्याच चार दिवसांतल्या पिशव्या घेतलेले आणखी दोन रुग्ण बाधित निघाले. समितीचं मत आलं, गुन्हा दाखल झाला, रक्तपेढीला सील लागलं. वजनदार माणसाचा पुन्हा फोन.

"त्या जनरेटरवरची सोलकढी तुम्हीही प्यालात. कोर्टात निघेल हं ते."

"दोन ग्लास," मी म्हणालो. "निघू द्या."

तपास मी वरिष्ठांकडे सोपवला आणि स्वतः साक्षीदार झालो. खटला चालता चालता निवृत्तही झालो. मास्तरांच्या साक्षीला गुडघा पुन्हा सुजलेला होता. न्यायाधीशांनी खुर्ची देऊ केली. मास्तर शुद्ध मराठीत म्हणाले, "आभारी आहे साहेब, पण हे मला उभं राहूनच सांगायचं आहे."

मालकाच्या वकिलाला त्या 'बाहेरच्या सवयी' उकरायच्या होत्या. त्याने डोळे बारीक केले. "मास्तर, बांद्याची हद्द ओलांडली की गोवा, किती जवळ! जाता ना अधूनमधून?"

मास्तरांची शुद्ध मराठी तिथेच संपली. "जातंय. फेणी पण पितंय. रगात मात्र तुमच्या अशिलाकडसून घेतलंय!"

मालकाला शिक्षा झाली. रक्तपेढीचा तो कागद खोटा होता, असं निकालपत्रात स्पष्ट आलं.

दुसऱ्या दिवशी मास्तर माझ्या घरी आले आणि तो स्टीलचा ग्लास त्यांनी ओट्यावर ठेवला.

"ह्यो तुमका ठेवा, सायेब. आज शाळेत माठातला पाणी हेडमास्तरान स्वतः दिल्यान, सगळ्यांच्या पेल्यान. अर्धोच भरलेलो. मी म्हटलंय, भरून देवा!"

नोकरीतल्या शंभर शूर कहाण्या मी रंगवून सांगतो, त्यातल्या नव्वद तरी फुगवलेल्या. पण ज्या ओळींत मी काही वाढवलं नाही आणि काही लपवलं नाही, नेमक्या त्याच ओळी एका माणसाच्या कामी आल्या. या केसने मला शिकवलं ते एवढंच. आता मालक वरच्या कोर्टात गेलाय. जाऊ दे. मला बोलावलं तर हा ग्लास खिशात घालून जाईन. वकिलाने विचारलं, सोलकढी नक्की किती, तर मापच दाखवीन: हा, काठोकाठ, दोन वेळा.